प्राणवायूच्या पहाऱ्यावरील अर्बुद

मस्तक आणि मान या भागांत उद्भवणाऱ्या विरळ अर्बुदांची यादी करावयास बसले तर ती बरीच लांबेल. जबड्याच्या हाडात दात घडविणाऱ्या ऊतकांपासून निघणारी, वयात येणाऱ्या मुलांच्या नाकामागील पोकळीत रक्तवाहिन्यांच्या जाळ्यासह वाढणारी, लालाग्रंथींत वर्षानुवर्षे निमूटपणे राहून एखाद्या दिवशी स्वभाव पालटणारी अशी नाना प्रकारची अर्बुदे तीत येतील. या प्रकरणात त्यांपैकी एकाचाच विचार योजला आहे. हे अर्बुद मानेतील ज्या चिमुकल्या इंद्रियापासून उद्भवते, त्या इंद्रियाच्या नित्य कर्तव्यातच त्याच्या वाढीचे बीज दडलेले असते; आणि ते बीज हाती लागण्यास, इंद्रिय प्रथम दृष्टीस पडल्यापासून, वैद्यकाला अडीचशेहून अधिक वर्षे लागली. या अर्बुदास कॅरोटिड पिंडाचे अर्बुद म्हणतात.

मानेच्या दोन्ही बाजूंस बोटाच्या अग्राने नाडी चाचपली असता जी ठसठशीत ठोके देते ती कॅरोटिड रोहिणी छातीतून वर चढते आणि जबड्याच्या कोनाखाली, कंठमण्याच्या वरच्या कडेच्या सुमारास, तिला दोन फाटे फुटतात. आतला फाटा मेंदूकडे जातो, बाहेरचा चेहरा, जीभ आणि टाळू यांना रक्त पुरवितो. या दोन फाट्यांच्या बेचक्यात, रोहिणीच्या भिंतीला पाठीमागून चिकटलेला, तांदळाच्या दाण्याएवढा एक तांबूस-करडा ठिपका असतो. तोच कॅरोटिड पिंड. त्याचे वजन सामान्यतः दहा-बारा मिलिग्रॅमच्या आसपास भरते. इतक्या क्षुद्र आकाराच्या अवयवातून वाहणाऱ्या रक्ताचा हिशेब मात्र विस्मयकारक आहे. मेंदूला दर शंभर ग्रॅम वजनामागे मिनिटास सुमारे 55 मिलिलिटर रक्त पुरते, तर कॅरोटिड पिंडातून त्याच मापाने सुमारे 2000 मिलिलिटर रक्त वाहते. वजनाच्या मानाने इतका रक्तपुरवठा लाभलेले इंद्रिय शरीरात दुसरे सापडणे कठीण. आणि त्याला स्वतःच्या पोषणासाठी एवढ्या रक्ताची गरज नसते.

गटिंगेन येथे आल्ब्रेख्ट फोन हालर या विख्यात शरीरशास्त्रज्ञाच्या छत्राखाली त्याच्या टाउबे नामक शिष्याने 1743 साली हा पिंड प्रथम विद्वानांच्या नजरेस आणला, तेव्हा त्यास चेतातंतूंची एक बारीकशी गाठ समजण्यात आले. पुढे एकोणिसाव्या शतकात त्याची गणना ग्रंथींत झाली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी प्रागच्या आल्फ्रेड कोन याने त्याला अधिवृक्काच्या गाभ्याशी नाते असलेल्या पेशीसमूहांच्या पंगतीत बसविले. या सर्व काळात पिंडाची रचना पुष्कळांनी पाहिली, रेखाटली आणि वर्णिली. परंतु तो तेथे कशासाठी आहे, या प्रश्नाचे उत्तर केवळ सूक्ष्मदर्शकातून मिळण्याजोगे नव्हते.

ते उत्तर माद्रिद आणि गेन्ट या दोन नगरांतून, दोन भिन्न वाटांनी आले. माद्रिदमध्ये रामोन इ काहाल या महापंडिताचा शिष्य फेर्नांदो दे कास्त्रो याने 1926 ते 1928 या काळात पिंडातील चेतातंतूंचा अत्यंत चिकाटीने मागोवा घेतला. हे तंतू पिंडाला आज्ञा पोचविण्याऐवजी पिंडाकडून मेंदूकडे काहीतरी वार्ता नेणारे आहेत असे त्यास आढळले, आणि येथे रक्ताच्या गुणांची एक प्रकारे चव घेतली जात असावी, असे धाडसी पण पूर्णतः सयुक्तिक अनुमान त्याने मांडले. बेल्जममधील गेन्ट येथे कॉर्नेल हेमान्स आणि त्यांचे सहकारी यांनी कुत्र्यांवर कौशल्यपूर्ण प्रयोग केले. रक्ताचा प्रवाह अशा रीतीने वळविण्यात आला की प्राणवायूने हीन झालेले रक्त केवळ कॅरोटिड रोहिणीच्या बेचक्याशी पोचावे. तेवढ्यानेच श्वास जलद होतो, आणि तेथून निघणारा चेतातंतू छेदला की ही प्रतिक्रिया नाहीशी होते, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले. या कार्याबद्दल कॉर्नेल हेमान्स यांस 1938 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. दे कास्त्रो यांचे नाव त्या पारितोषिकाशी जोडले गेले नाही, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात खेदाने नोंदवावी अशीच आहे. कारण जी वाट हेमान्स चालून गेले तिचा नकाशा माद्रिदच्या या संशोधकाने आधीच काढून ठेवला होता.

मेंदूकडे चाललेल्या रक्तातील प्राणवायू मोजणे हे या पिंडाचे मुख्य कर्तव्य. इतके रक्त त्याच्यातून क्षणोक्षणी का खेळविले जाते, त्याचा खुलासा येथे होतो. रक्तातील प्राणवायूचा अंश घटला की पिंडातील मुख्य पेशी चेतविल्या जातात आणि नवव्या मस्तिष्क-तंत्रिकेच्या द्वारे मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्रास वर्दी जाते. छाती अधिक वेगाने व अधिक खोल हलू लागते. उंच घाट चढताना दम लागतो त्याला स्नायूंचे श्रम कारण असतातच. परंतु विरळ हवेच्या प्रदेशात नुसते स्वस्थ बसलेल्या माणसाचाही श्वास जो वाढतो, तो मुख्यत्वे याच दोन दाण्यांच्या फिर्यादीवरून.

आता अशी कल्पना करावी की ही उणीव तात्पुरती नसून जन्मभराची आहे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पठारांवर पेरू, बोलिव्हिया आणि एक्वादोर या देशांतील लक्षावधी लोक समुद्रसपाटीपासून तीन-चार हजार मीटर उंचीवर पिढ्यान्‌पिढ्या वास करीत आले आहेत. आपल्या महाराष्ट्रातील सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर कळसूबाई 1646 मीटरांचे आहे. पेरूतील सेरो दे पास्को हे खाणकामाचे शहर त्याच्या अडीचपटीहून उंच, 4300 मीटरांच्या वर वसलेले आहे. तेथील हवेत प्राणवायूचे प्रमाण तेच असले तरी दाब इतका कमी की प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसांत येणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने पुष्कळच थोडा असतो. पेरूचे विकृतिशास्त्रज्ञ हावियेर आरियास-स्तेया यांनी 1969 साली दाखवून दिले की या उंच प्रदेशांतील रहिवाशांचे कॅरोटिड पिंड समुद्रकाठच्या रहिवाशांच्या पिंडांहून ठळकपणे मोठे असतात. कामाचा भार वाढला की अवयव पुष्ट होतो हा शरीराचा सामान्य कायदा. पण येथे बाब एवढ्यावर थांबली नाही. 1973 साली साल्दान्या व त्यांचे सहकारी यांनी पेरूमधील नोंदी तपासल्या, तेव्हा 2100 मीटरांहून उंच राहणाऱ्यांत कॅरोटिड पिंडाची अर्बुदे सखल प्रदेशाच्या मानाने सुमारे दहापट अधिक आढळली. या पर्वतवासी रुग्णांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या कितीतरी पट भरते. त्याच पठारांवर चरणाऱ्या गुरांच्या मानेतही आरियास-स्तेया यांना अशीच अर्बुदे सापडली, तेव्हा हा मानवाच्या एखाद्या वंशाचा अगर आहाराचा विशेष नसून उंचीचाच परिणाम आहे, याविषयी शंकेस फारशी जागा उरली नाही.

या ठिकाणी वाचकाने क्षणभर थांबून या निष्कर्षाचे असामान्यत्व ध्यानी घ्यावे. तंबाखू, क्ष-किरण, काही विषाणू यांच्यामुळे अर्बुदे होतात हे आपण ऐकलेले असते, आणि त्या प्रत्येकात काहीतरी बाहेरचे, अपायकारक असे द्रव्य वा तेज शरीरात शिरत असते. येथे बाहेरून काहीच शिरत नाही. पर्वतावरची हवा निर्मळ, पाणी थंड, माणसे काटक. जे कमी आहे तेच कारण. एका पहारेकऱ्याला जन्मभर अहोरात्र संकटाची वर्दी द्यावी लागावी आणि त्या अविरत कामानेच त्याची वाढ मर्यादेबाहेर जावी, असे हे रोगाचे स्वरूप आहे.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला असलेल्या एका मुलुखातून दुसरा पुरावा आला. नेदरलँड्‌स हा युरोपातील अत्यंत सखल देश; त्याचा पुष्कळसा भाग तर समुद्राच्या पातळीखाली बांध घालून राखलेला. तेथील काही कुटुंबांत मानेतील आणि कानामागील याच जातीची अर्बुदे पिढ्यान्‌पिढ्या दिसून येत, आणि लायडन येथील वैद्यांनी त्यांच्या वंशावळी परिश्रमाने जुळविल्या. 1989 साली फान देर मेय व सहकाऱ्यांनी या वंशावळींवरून एक चकित करणारा नियम मांडला: विकृती पित्याकडून आली तरच अर्बुद होते, मातेकडून आली तर अपत्यांस ती मिळते, पण अर्बुद होत नाही. याचा अर्थ असा की एखाद्या रोगी पुरुषाच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना विकृत जनुक मिळावे व त्यांपैकी बहुतेकांना कालांतराने गाठी व्हाव्यात. त्यांतील मुलीने पुढे हे जनुक आपल्या अपत्यांस द्यावे, ती अपत्ये जन्मभर निरोगी राहावीत, आणि त्यांतील मुलाच्या अपत्यांत मात्र रोग पुन्हा उगवावा. कुळाच्या इतिहासात एक-दोन पिढ्या कोरड्या जाऊन तिसरीत गाठी उद्भवल्या की जुन्या वैद्यांस हा आनुवंशिक रोग वाटणेच शक्य नव्हते.

त्या जनुकाचा पत्ता अकराव्या रंगसूत्रावर लागला, आणि 2000 साली बायसाल व त्यांचे सहकारी यांनी ते नेमके कोणते हे जाहीर केले. सक्सिनेट डिहायड्रोजनेज या नावाच्या विकराचा एक भाग या जनुकाच्या आज्ञेने घडतो. हे विकर प्रत्येक पेशीतील तंतुकणिकांत, अन्नापासून शक्ती काढण्याच्या चक्रात आणि प्राणवायूच्या उपयोगाच्या साखळीत, अशा दोन ठिकाणी एकाच वेळी चाकरी करते. ते निकामी झाले म्हणजे सक्सिनेट हे द्रव्य पेशीत साचू लागते. आता प्रत्येक पेशीत एक असे प्रथिन असते की प्राणवायू मुबलक असता ते तयार होताच नष्ट केले जाते, आणि प्राणवायूची टंचाई झाली तर ते शिल्लक राहून नव्या रक्तवाहिन्या काढण्याचे व टंचाईशी जुळवून घेण्याचे हुकूम सोडते; या यंत्रणेच्या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांस 2019 साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. साचलेले सक्सिनेट नेमके या प्रथिनाच्या नाशाचे काम अडवून धरते. परिणाम असा की समुद्रसपाटीवर, भरपूर प्राणवायूत, निरोगी फुप्फुसांच्या माणसाच्या मानेतील त्या पेशी हवा संपली असे समजून वागू लागतात. अँडीजच्या पठारावर ती वर्दी खरी होती, लायडनच्या रहिवाशात ती खोटी असते. दोन्हीकडे तिचे फळ मात्र एकच.

या दोन कारणांचा एकमेकांशी संबंधही असावा असे 2003 साली काही संशोधकांनी सुचविले. विकृत जनुक असलेले लोक जितक्या उंचीवर राहतात तितकी त्यांची अर्बुदे संख्येने व तीव्रतेने अधिक आढळतात, आणि म्हणूनच नेदरलँड्‌ससारख्या सखल देशात हे जनुक फारसा उपद्रव न देता शतकानुशतके टिकून पसरू शकले असावे, असे त्या संशोधकांचे अनुमान आहे. भूगोलाने अशा रीतीने एखाद्या कुळाच्या रोगाचे पारडे जड वा हलके करावे, ही गोष्ट मला या साऱ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते.

रोग्याच्या बाजूने पाहता हे अर्बुद फार मंद आणि अबोल असते. जबड्याच्या कोनाखाली एक न दुखणारी गाठ, पुष्कळदा वर्षानुवर्षे तशीच. हाताला तिचा ठोका लागतो, कधी कान लावला असता रक्ताचा घरघराट ऐकू येतो. तिची एक खूण वैद्यकाच्या विद्यार्थ्यास आवर्जून शिकविली जाते: गाठ आडवी हलते, पण वर-खाली हलत नाही, कारण ती उभ्या रोहिणीला जखडलेली असते. आपल्या देशात मानेतील गाठ म्हटली की रोग्याच्या आणि पुष्कळदा वैद्याच्याही मनात पहिली शंका गंडमाळेची, म्हणजे क्षयाच्या गाठींची येते, आणि क्षयाचा एवढा प्रादुर्भाव असलेल्या मुलुखात ती येणे साहजिकच आहे. परंतु ही शंका फिटविण्यासाठी तपासाविना गाठ कापून तुकडा काढण्याची तजवीज केली, आणि ती गाठ कॅरोटिड पिंडाची निघाली, तर रक्तस्रावाने रोग्याचा जीव धोक्यात येतो. म्हणून ठोके देणाऱ्या किंवा उभ्या दिशेत न हलणाऱ्या गाठीस शस्त्र लावण्यापूर्वी ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहावा आणि त्यानंतर सीटी वा एमआरआय करून घ्यावे. रोहिणीचे दोन फाटे एकमेकांपासून कमानीसारखे दूर लोटलेले आणि त्यांच्या मधोमध रक्ताने भरलेली गाठ, हे चित्र एकदा दिसले की निदानात सहसा संदेह राहत नाही. काही थोड्या अर्बुदांतून रक्तदाब चढविणारे स्रावही बाहेर पडतात. लघवीच्या वा रक्ताच्या तपासणीने ते आधीच ओळखले नाहीत, तर शस्त्रक्रियेच्या मेजावर अनर्थ ओढवू शकतो.

शस्त्रवैद्यांची या अर्बुदाशी पडलेली गाठ आरंभी फार दुःखद ठरली. 1880 साली रीग्नर यांनी ते काढण्याचा प्रयत्न केला, आणि रोगी दगावला. 1886 साली मायड्ल यांचा रोगी वाचला, पण अर्धांगवायू आणि वाचानाश घेऊन. कारण गाठीबरोबर मेंदूस रक्त नेणारी रोहिणीही बांधावी लागली होती. 1889 साली आल्बर्ट यांनी रोहिणी न बांधता गाठ सोडवून दाखविली. तथापि हे यश सर्वांच्या हातचे झाले ते त्यानंतर अर्धशतकाने, गॉर्डन-टेलर या इंग्रज शस्त्रवैद्याने 1940 साली रोहिणीच्या बाह्य आवरणाखालील एका पांढुरक्या रेषेकडे लक्ष वेधले तेव्हा. त्या रेषेने सुरी चालविली तर गाठ सुटते आणि रोहिणीची भिंत अभंग राहते. तीहून किंचित आत गेले तर रक्ताचा लोंढा, किंचित बाहेर राहिले तर गाठीतूनच रक्तस्राव. 1971 साली मेयो क्लिनिकमधील शॅम्ब्लिन व सहकाऱ्यांनी 90 रोग्यांच्या अनुभवावरून गाठींच्या तीन प्रती ठरविल्या: सहज सुटणाऱ्या, रोहिणीला अंशतः वेढणाऱ्या, आणि तिला संपूर्ण गिळून टाकणाऱ्या. ही वर्गवारी आजही चालते. रोहिणी वाचविण्याचे तंत्र आता पुष्कळ सुधारले आहे. पण जीभ हलविणारे, स्वरयंत्र चालविणारे आणि गिळण्यास साहाय्य करणारे चेतातंतू गाठीला लगटूनच जातात, आणि मोठ्या गाठी काढताना त्यांना इजा होण्याचे भय अद्यापि टळलेले नाही.

म्हणूनच, विशेषतः वृद्धांत, तूर्त काहीच न करता गाठ मापीत राहण्याचा निर्णय पुष्कळदा योग्य ठरतो. ही गाठ सरासरीने वर्षाकाठी मिलिमीटरभर वाढते, आणि कित्येक तर दीर्घ मुदतीत हलतही नाहीत. थोड्या रोग्यांत ती दूरच्या अवयवांत पसरते हे खरे. तथापि ती पसरेल की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी पाहून सांगता येत नाही, आणि दूरवर तिचे बीज सापडणे हाच मारकपणाचा एकमेव दाखला मानावा लागतो.

दोन्ही बाजूंस गाठी असलेल्या रोग्याचा प्रश्न अधिक बिकट होतो, आणि आनुवंशिक प्रकारात हे वारंवार घडते. एक पिंड गेला तर दुसरा काम सांभाळतो. पिंड काढून टाकण्याचा अनुभवही वैद्यकास आहे: जपानमध्ये कोमेई नाकायामा यांनी दम्यावर उपाय म्हणून कॅरोटिड पिंड काढण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आणली आणि 1961 साली 3914 रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला; पुढे काटेकोर चाचण्यांत तिचा दम्यास उपयोग आढळला नाही व ती मागे पडली. परंतु दोन्ही बाजूंचे पिंड गेले म्हणजे माणूस प्राणवायूच्या उणिवेस जवळजवळ बधिर होतो, शिवाय बेचक्यातील रक्तदाबाचे नियमन करणारे तंतूही दुखावले तर थोड्या क्षोभानेही दाब आकाशाला भिडतो आणि विश्रांतीत खाली कोसळतो. यास्तव एका बाजूची गाठ काढल्यावर आवाज आणि गिळणे पूर्ववत झाल्याची खात्री करून मगच दुसरीचा विचार होतो, आणि बहुधा दुसरीला किरणोपचार किंवा केवळ नियमित मापन यांवरच सोपविले जाते.

अशा रोग्याच्या कुटुंबाची माहिती विचारताना आपल्याकडील रुग्णपत्रिकेत आई-वडील आणि सख्खी भावंडे यांच्यापुढे सहसा जाणे होत नाही. या रोगात तेवढ्याने भागत नाही. वडील, काका, आत्या आणि आजोबा यांच्या मानेतील गाठींची चौकशी करावी; आणि ती सारी मंडळी निरोगी निघाली तर वडिलांच्या मामा-मावश्यांपर्यंत जावे, कारण वडिलांना ते जनुक त्यांच्या आईकडून मिळाले असल्यास रोग त्या पिढीत लपून राहतो. जनुकाची तपासणी आता रक्ताच्या एका नमुन्यावर होते. ज्या मुलीस गाठ आहे तिला हे स्पष्ट सांगितले पाहिजे की तिच्या अपत्यांना गाठ होण्याचे भय जवळजवळ नाही, पण तिचा मुलगा ते जनुक घेऊन जन्मला असेल तर त्याच्या अपत्यांची मान मात्र तरुणपणापासून तपासत राहावी लागेल.